उलटा कोंबडा

चर्चच्या जेवणावळीत मी नेहमी सांगते की माझ्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, ती म्हणजे हर्शेलशी लग्न. बायका हसतात, हर्शेलही हसतो, आणि बटाट्याचं भांडं पुढे सरकतं. खरी चूक वेगळीच होती. ती लग्नाच्या आदल्या वर्षी झाली होती आणि त्रेचाळीस वर्षं मी ती पोटात ठेवली होती. गेल्या सप्टेंबरात ती माझ्या कुत्रीवर शेकली, तेव्हा तोंड उघडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

आमच्या घरात एक शिवणाची खोली आहे. म्हणजे घर बांधताना ती शिवणाची होती. आता तिथे काचेची तीन कपाटं आहेत आणि माझं मशीन स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी उभं आहे. कपाटांत हिरव्या मखमलीवर हर्शेलचे घडीचे चाकू झोपलेले असतात. सगळे आमच्याच गावच्या कारखान्याचे, मॅरो क्रीकचे, मुठीवर पितळी कोंबडा असलेले. कारखाना सत्तावन्न साली बंद पडला. चालू होता तेव्हा त्या चाकूंनी लोक डुकरं सोलायचे आणि तंबाखू कापायचे. बंद पडला आणि ओहायो-टेक्सासहून माणसं गाड्या घेऊन शोधत यायला लागली. बंद पडलेल्या कारखान्याला जी इज्जत मिळते ती चालू कारखान्याला कधी मिळत नाही. माणसांचंही तसंच आहे म्हणा.

ह्या चाकूंना उघड्या हातानं शिवायचं नाही, बोटांच्या घामानं गंज चढतो. पुसायचे नाहीत, घासायचे नाहीत, जुनेपणाची काळपट छटा जाते. आणि धार तर लावायचीच नाही. धार लावलेला चाकू हर्शेलच्या लेखी बाटलेला. एकदा पाव कापायला काही सापडेना म्हणून मी त्या कपाटाकडे नुसतं पाहिलं, तर हा दारात आडवा उभा राहिला.

कारखान्यानं एकूण तीस नमुने काढले असं हर्शेलचं म्हणणं. त्याच्याकडे एकोणतीस होते. तिसावी खाच रिकामी. त्याखाली त्याच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी: ‘डावखुऱ्यांचा नमुना, १९५५’.

तो तिसावा चाकू कुठे आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो डॉइल टॅकेटच्या खिशात होता.

डॉइल हा हर्शेलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याचा बाप ऐंशी साली वारला तेव्हा बापाचा चाकू त्याच्याकडे आला. त्या शनिवारी कोर्टासमोरच्या बाकावर बसून डॉइलनं सफरचंद सोलायला तो बाहेर काढला आणि शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याचा श्वास अडकला. मुठीवरचा कोंबडा उलटा होता. पाय वर, तुरा खाली. हर्शेल घरी आला तो ताप भरल्यासारखा. आठवडाभर त्यानं डोकं चालवलं आणि मग त्याला साक्षात्कार झाला: चाकू डाव्या हातात धरला की कोंबडा सरळ दिसतो. म्हणजे हा डावखुऱ्यांसाठी काढलेला खास नमुना. मालकाचा धाकटा मुलगा डावखुरा होताच. संग्राहकांच्या मंडळाच्या पत्रिकेत त्यानं ह्यावर चार पानं लिहिली. लोकांची पत्रं आली. केंटकीच्या एका डॉक्टरनं तर त्याला ‘विद्वान मित्र’ म्हटलं. ते पत्र चौकट करून भिंतीवर आहे.

आता हे बघा, मी त्या कारखान्यात दोन वर्षं मुठी बसवायच्या खोलीत काम केलं होतं. चाकूंचा एवढा ध्यास असलेल्या माणसाच्या घरात तो चाकू बनवणारी बाई रोज त्याला वाढत होती, आणि त्यानं मला एवढंच विचारलं होतं, “वेल्डा, तिथे कधी डावखुऱ्यांची गोष्ट निघाली होती का गं?”

“मला काय माहीत,” मी म्हणाले. “मी नुसत्या मुठी ठोकत होते.”

खोटं नव्हतं ते. फक्त पूर्ण नव्हतं.

तिकडे डॉइल त्या चाकूनं काय काय करायचा विचारू नका. सफरचंदं सोलायचा, नखं काढायचा, मासे साफ करायचा, आणि दर शनिवारी बाकावर बसून दगडावर धार लावायचा. पातं झिजून झिजून दातकोरण्याएवढं उरलं होतं. हर्शेलच्या काळजाचे तुकडे व्हायचे. “दुष्काळातल्या बैलासारखं झालंय गं ते,” असं येऊन मला सांगायचा. विकत मागून झालं, बदल्यात दुसरे चाकू देऊन झाले. डॉइल म्हणायचा, “माझ्या बापाचा आहे. आणि चालतोय की चांगला.”

मग त्या सप्टेंबरातल्या शुक्रवारी संध्याकाळी, शेंगांची उसळ आणि मक्याची भाकरी समोर असताना, हर्शेल म्हणाला, “डॉइल तयार झाला.”

“कशाला?”

“उलटा कोंबडा द्यायला.”

“बरं झालं. सुटलास एकदाचा. काय मागतोय?”

हर्शेलनं भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला आणि तो तिथेच ठेवला. “टिली.”

टिली टेबलाखाली माझ्या पावलांवर झोपली होती. निळसर ठिपक्यांची शिकारी कुत्री, चार वर्षांची. रानात लपलेल्या रकूनसारख्या प्राण्याचा वास लागला की अख्खी दरी दणाणून सोडते, त्यामुळे डॉइलचा तिच्यावर डोळा होता. पिल्लू असताना ती आईविना पडली, तेव्हा दर दोन तासांनी बाटलीनं दूध पाजून मी तिला जगवलं. हर्शेलनं काय केलं? पैसे दिले आणि गळ्यातल्या पट्ट्यावर स्वतःच्या नावाचा बिल्ला लावला.

“ती माझी कुत्री आहे,” मी म्हणाले.

“तशी माझ्या नावावर आहे.”

“हर्शेल.”

“अगं, कुत्रं दुसरं आणता येईल. उलटा कोंबडा जगात एकच उरलाय. महिन्याभरात डॉइल त्याचं पातं संपवेल, मग काय करू?”

“हात मिळवलास?”

“मिळवला.”

तिथे बोलणंच खुंटलं. आमच्याकडे लग्न मोडलेलं चालतं, पण बाकावर हात मिळवून ठरलेली चाकूची अदलाबदल मोडत नाही. झाकल्या मुठींचा सौदासुद्धा नाही. तो असा असतो: दोघं आपापला चाकू मुठीत झाकून पुढे धरतात आणि न बघता बदलतात. हातात भंगार आलं तरी हसून खिशात टाकायचं. एकानं असा सौदा नाकारला होता, तर त्याच्या मुलाला अजून ‘रडक्याचा पोर’ म्हणतात आणि तो मुलगा आता आजोबा आहे. सौदा एकाच कारणानं मोडतो. जो माल म्हणून हात मिळवला तो माल तो नसेल तर.

आणि तो माल तो नव्हता. हे जगात एका बाईला माहीत होतं, आणि ती बाई शेंगांची ताटं उचलून तोंड मिटून मोरीकडे चालली होती.

का नाही बोलले? अभिमान, दुसरं काय. मुठींच्या खोलीत आम्ही आठ जणी होतो. दोन वर्षांत सगळ्यांचा माल कधी ना कधी परत आला, माझा एकदाही नाही. मुकादम नव्या मुलींना माझ्या टेबलापाशी आणून दाखवायचा. पण ते एकवेळ गिळता आलं असतं. ती चूक का झाली ते सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची.

पंचावन्नचा ऑगस्ट होता. आम्ही सगळ्या जणी पितळी पत्र्यावर हाडाची पट्टी ठोकायच्या आधी टोच्यानं आपला नंबर आत कोरायचो, म्हणजे माल परत आला तर कुणाचा ते मुकादमाला कळावं. माझा सतरा. त्या दिवशी हाडांची पोती घेऊन एक मुलगा आत आला. निळा शर्ट, एका कोपरावर फाटलेला. बाहेरच्या पंपाखाली डोकं धरून आला होता, त्यामुळे केसांतून पाणी गळत होतं. मुकादमानं मागून हाक मारली, “हर्शेल, पोती तिकडे टाक.” तो पोती टाकून वळला आणि मला म्हणाला, “प्यायचं पाणी कुठे आहे?” मी टोच्यानं दाखवलं. तो गेला. माझ्याकडे त्यानं धड पाहिलंही नाही.

मी मात्र पाहिलं होतं. हातातला चाकू पुरा केला, तबकात ठेवला, तबक गेलं. दुपारच्या भोंग्याला माझ्या लक्षात आलं की कोंबडा मी उलटा बसवला. आणि आत पत्र्यावर फक्त सतरा नाही कोरला. पुढे पाच महिने मी तो चाकू परत यायची वाट पाहत घाबरून जगले. तो आलाच नाही. डॉइलच्या बापानं तो नाताळात हार्डवेअरच्या दुकानातून घेतला होता आणि त्या भल्या माणसाला कोंबडा कसा उभा आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात हर्शेल आमच्या घरी यायला लागला, तेव्हा मी त्याला तीन रविवार पायरीवर ताटकळत बसवला. तेव्हापासून गावात गोष्ट अशी चालत आलीय की हर्शेल वेल्डाच्या मागे लागला, वेल्डानं त्याला हिंग लावून विचारलं नाही, शेवटी दया येऊन हो म्हणाली. मी ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. ती मला फार आवडते.

शनिवारी सकाळी उठून मी सफरचंदाच्या करंज्या तळल्या. राग आला की मी करंज्या तळते. पन्नास झाल्या. मग टोपलीत भरल्या आणि हर्शेलच्या मागोमाग चौकात गेले. टिली त्याच्या गाडीत मागे बसून वाऱ्याला जीभ दाखवत होती. तिला वाटलं शिकारीला चाललोय.

कोर्टासमोरच्या मेपलखाली नेहमीची मंडळी होती. लाल देवदाराचे तुकडे तासत बसलेली, पायाशी ढलप्यांचा ढीग. तासून काय करतात विचाराल तर काहीच नाही, तासतात. मधल्या जागेवर मिस्टर एलम. चौऱ्याऐंशी वर्षांचे, एकेकाळचे पोस्टमास्तर. बाकावरच्या भांडणात त्यांचा शब्द शेवटचा. बायका त्या बाकाकडे फिरकत नाहीत, तसा लेखी नियम नाही, पण तंबाखूच्या पिचकाऱ्या पाहिल्या की लेखी नियमाची गरज पडत नाही.

डॉइलनं चाकू बाहेर काढला होता. हर्शेलच्या हातात टिलीचा दोर होता. मी टोपली खाली ठेवली.

“सौदा थांबवा,” मी म्हणाले. “तो डावखुऱ्यांचा चाकू नाही.”

सगळ्यांचं तासणं थांबलं.

“मग कुणाचा आहे, वेल्डाबाई?” एलमनी विचारलं.

“माझा. म्हणजे मी बसवलेला. कोंबडा उलटा आहे कारण मी तो उलटा बसवला. चूक झाली.”

हर्शेल हसला. रागानं हसला असता तर मी सोसलं असतं. प्रेमानं हसला. “वेल्डा, असं नसतं गं ते. कारखान्यात तीन ठिकाणी तपासणी व्हायची. उलटा बिल्ला सुटणं शक्यच नाही. मी त्याच्यावर चार पानं लिहिलीयत.”

“तू पानं लिहिलीस. मी चाकू बनवला.”

“ते खरं, पण तुला वरच्या गोष्टी कशा माहीत असणार? तुम्ही बायका नुसत्या मुठी बसवायच्या.”

बाकाच्या टोकाचा एक जण पुटपुटला, “मेला हा.”

“कुत्री जाऊ नये म्हणून बोलतेय ती,” हर्शेल एलमना समजावू लागला. “बरोबर आहे तिचं, जीव लागतो.”

“पुरावा आहे का, वेल्डाबाई?” एलमनी मला विचारलं.

“आहे. हाडाच्या पट्टीखाली. माझा नंबर सतरा, आम्ही आत कोरायचो.”

“मग उघडू की,” डॉइल म्हणाला. “पट्टी तशीही सैल झालीय. परवा ह्यानंच कुंपणाची तार पिळत होतो.”

हर्शेलचा आवाज असा निघाला की टिली उठून उभी राहिली. “हात लावू नकोस. उघडलेला चाकू मेलेला चाकू असतो. रिव्हेट एकदा निघाले की तो भंगार. चार माणसं विचारणार नाहीत.”

एलमनी तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला. त्यांचा निकाल असाच तयार होतो. “सरळ गोष्ट आहे. उघडून सतरा निघाला तर हा ठरलेला माल नाही, सौदा मोडला, कुत्री घरी. उघडायचा नसेल तर हात मिळवलाय, कुत्री डॉइलची. हर्शेल, बोल.”

हर्शेलनं चाकूकडे पाहिलं. मग टिलीकडे. अठरा वर्षं ज्याच्यासाठी तडफडला तो चाकू हातभर अंतरावर होता. बिचाऱ्याच्या कपाळावर घाम आला. त्याही क्षणी मला त्याची कीव आली, आणि स्वतःचा राग आला की हे सगळं मी ऐंशी सालीच संपवू शकले असते.

“वेल्डा,” तो हळूच म्हणाला, “एका सतरा आकड्यासाठी मी जगातला एकुलता एक चाकू फोडू?”

“आत नुसता सतरा नाही.”

“मग काय आहे?”

दहा पुरुष माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यातल्या सहांनी माझी ती पायरीवरची गोष्ट माझ्याच तोंडून ऐकली होती. टिली माझ्या बुटाला नाक घासत होती.

“तुझं नाव आहे,” मी म्हणाले.

“माझं?”

“हो. तू पोती घेऊन आलास, पाणी कुठे आहे म्हणून विचारलंस आणि गेलास. माझ्या हातात हा चाकू होता. कोंबडा उलटा बसला, आणि नंबर कोरायच्या जागी मी आधी तुझं नाव कोरलं. त्या वेळी तुला माझं नावही माहीत नव्हतं. झालं समाधान?”

हर्शेलच्या कपाळावर आठ्या पडल्या, कुठल्या तरी जुन्या फडताळात हात घातल्यासारख्या.

“निळा शर्ट होता माझा,” तो म्हणाला.

“कोपरावर फाटलेला.”

“आणि एका मुलीनं टोचा रोखला होता माझ्यावर. मला वाटलं भोसकतेय.” तो थांबला. “ती तू होतीस?”

“मग कोण, मुकादम?”

बाकावर हशा फुटला. डॉइल तर मांडीवर थापा मारायला लागला. “म्हणजे हिनंच आधी पाहिलं! आणि इतकी वर्षं आम्हाला काय सांगतेय!”

“तीन रविवार,” हर्शेल म्हणाला. तो हसत नव्हता. “तीन रविवार तू मला पायरीवर बसवलंस. उन्हात. ताकाचा पेलासुद्धा दिला नाहीस.”

“लगेच दिला असता तर तुला कळलं असतं.”

“पण कळू द्यायचं ना, बाई! मला वाटायचं की… म्हणजे मी असं धरून चाललो होतो की तू नाइलाजानं…” तो टिलीचा दोर बोटाभोवती गुंडाळत राहिला. आणि मला पहिल्यांदाच लक्षात आलं की माझी ती विनोदी गोष्ट जेवणावळीत ऐकून सगळे हसायचे, तोही हसायचा, पण तो ती खरी मानत होता. बेचाळीस वर्षं ह्या माणसाला वाटत होतं की मी दया दाखवली.

हर्शेलनं डॉइलपुढे हात केला. “दे इकडे.” मग मागे वळून म्हणाला, “हार्डवेअरमधून कुणीतरी हातोडी आणा. आणि बारीक खिळा.”

“अरे, भंगार होईल ना ते?” डॉइल म्हणाला.

“तू गप्प बस.”

जो माणूस हातमोजे घातल्याशिवाय चाकूला शिवत नाही, त्यानं तो उघड्या हातानं बाकाच्या कडेवर धरला आणि रिव्हेटवर खिळा टेकवून हातोडी घातली. दुसऱ्या घावाला पहिला रिव्हेट निघाला. शेवटच्याला हाडाची पट्टी कडकन मधोमध फुटली, उलट्या कोंबड्यासकट, आणि ज्या कोंबड्यावर त्यानं चार पानं लिहिली होती तो ढलप्यांत जाऊन पडला. हर्शेलनं तिकडे बघितलंही नाही.

आत सगळं हिरवं काळं झालेलं. एलमनी आपल्या डब्यातल्या काकडीच्या लोणच्याचा आंबट रस रुमालावर ओतला आणि पत्रा चोळला. मग खिशातून भिंग काढलं, कोर्टात पुरावा वाचावा तसा घसा साफ केला आणि वाचलं.

“हर्शेल. खाली सतरा.”

हर्शेलनं चष्मा काढला, पुसला, घातला, वाचलं. परत काढला. माझ्याकडे पत्रा धरून म्हणाला, “अक्षर बरं होतं गं तुझं.” मला रडू आलं. सगळ्यांदेखत, तंबाखू खाणाऱ्या दहा बाप्यांदेखत. त्यात लाज वाटण्यासारखं काही मला अजूनही वाटत नाही. टिलीचा दोर केव्हा माझ्या हातात आला ते कळलं नाही.

डॉइलनं तो उघडा चाकू उलटसुलट करून पाहिला. “तुझ्या नवऱ्याच्या नावानं मी अठरा वर्षं नखं काढली,” तो म्हणाला. “हे मी आता कुठल्या तोंडानं खिशात ठेवू? घे, वेल्डा. तूच घे.”

“फुकट नको,” एलम लगेच म्हणाले. चाकू फुकट दिला तर मैत्री तुटते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. मी पर्समधून एक पेनी काढून डॉइलच्या तळहातावर ठेवली आणि चाकू रीतसर माझा झाला. मग करंज्या वाटल्या. पन्नासातली एक उरली नाही.

डॉइल बिनचाकूचा झाला म्हणून हर्शेल त्याच दुपारी त्याला घरी घेऊन आला. काचेचं कपाट उघडून म्हणाला, “कुठलाही घे.” डॉइलनं बारा नंबरचा उचलला, चाळीस वर्षांत ज्याला वारा लागला नव्हता असा, एक पेनी टेबलावर ठेवली आणि तिथेच उभ्या उभ्या माझ्या फळांच्या टोपलीतलं सफरचंद सोलायला घेतलं. हर्शेलनं डोळे मिटून घेतले.

पत्रिकेला त्यानं नवं पत्र पाठवलं. चार पानं मागे घ्यायला त्याला पाचच ओळी लागल्या. केंटकीचा डॉक्टर भिंतीवरून उतरला.

राहता राहिला माझा चाकू. तो मी स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात टाकला. हर्शेल रोज काही ना काही निमित्तानं तो खण उघडायचा, पाहायचा आणि बंद करायचा. मागायची हिंमत नव्हती. मग दोन दिवस तो मागच्या शेडमध्ये गायब झाला. ठोकाठोक ऐकू येत होती. एकदा मोठ्यानं शिवीही ऐकू आली.

त्यापुढच्या आठवड्यात बुधवारी जेवण झाल्यावर मी ओसरीवर बसले होते, टिली पायांवर होती. हर्शेल समोर येऊन उभा राहिला आणि झाकलेली मूठ पुढे केली.

“सौदा करतेस?”

“न बघता?”

“न बघता. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“भंगार असलं तर?”

“हसून घ्यायचं. नियम आहे.”

मी आत जाऊन चाकू आणला, मुठीत झाकला आणि पुढे केला. आम्ही बदललं. त्यानं चाकूचा पत्रा अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. मखमलीवर नाही. अजून तिथेच असतो तो.

माझ्या मुठीत पितळेचा गोल बिल्ला होता. कुत्र्याच्या पट्ट्याचा. वर टोच्यानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत माझं नाव कोरलं होतं: वेल्डा. बाकी काही नाही. त्याचं स्वतःचं नावही नाही. टोच्यानं पितळ कोरायला किती जोर लागतो ते मला माहीत आहे. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

“आता तिला कुणी सौद्यात देऊ शकणार नाही,” तो म्हणाला. “मीसुद्धा.”

मी वाकून टिलीच्या पट्ट्याला बिल्ला अडकवला आणि नीट बघितलं. अडकवायचं भोक त्यानं अक्षरांच्या खालच्या बाजूला पाडलं होतं. कुत्रीच्या गळ्यात माझं नाव उलटं लटकत होतं.

हर्शेलच्याही ते आत्ताच लक्षात आलं असावं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, अंगठा मागे लपवून.

मी त्याला खुर्ची दिली. आत जाऊन ताकाचा पेला भरून आणला आणि त्याच्या हातात ठेवला. बिल्ला तसाच राहू दिला. दुर्मीळ नमुना आहे तो, जगात एकच आहे.